सांडपाण्याचा पुनर्वापर आणि उदयोन्मुख प्रदूषके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले मैलापाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात जाते, आणि पुण्या-मुंबईच्या अनेक गृहसंकुलांत फ्लशच्या टाकीत येणारे पाणी त्याच इमारतीच्या एसटीपीतून, म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्रातून, आलेले असते. पुनर्वापर ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. त्या पाण्यात उरलेल्या औषधांचे आणि रसायनांचे काय होते, हा प्रश्न मात्र आपल्याकडे अलीकडे विचारला जाऊ लागला आहे. गृहसंस्थांचे पदाधिकारी, नगरपालिकांतील अभियंते आणि जिज्ञासू नागरिक यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ती वाचताना प्रत्येक पद्धतीबाबत एक उपप्रश्न मनात ठेवावा : पाण्यातून काढलेला पदार्थ खरोखर नष्ट झाला, की केवळ दुसऱ्या जागी गेला?

उदयोन्मुख प्रदूषके म्हणजे नेमके काय?

ज्या पदार्थांचे पाण्यातील अस्तित्व गेल्या काही दशकांतच नीट मोजता येऊ लागले, आणि ज्यांच्यासाठी बहुतेक देशांत अद्याप कायदेशीर मर्यादा ठरलेल्या नाहीत, अशा पदार्थांना हे नाव दिले जाते. वेदनाशामके, प्रतिजैविके, फिटस् आणि मधुमेहावरील औषधे, गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरके, साबण व सौंदर्यप्रसाधनांतील जंतुनाशके, नॉनस्टिक भांडी आणि अग्निशामक फेस यांतील फ्लोरिनयुक्त ‘पीफास’ रसायने, सूक्ष्म प्लास्टिक आणि प्रतिजैविकांना दाद न देणारी जिवाणूंची जनुके, एवढा मोठा गोतावळा त्यात येतो.

नाव थोडे फसवे आहे, हे मान्य करायला हवे. ‘उदयोन्मुख’ हा शब्द आपण एरवी होतकरू गायकासाठी किंवा खेळाडूसाठी वापरतो, आणि येथे तर कार्बामाझेपिनसारखे फिटस्‌वरचे औषध १९६० च्या दशकापासून लोकांच्या पोटातून गटारात जात आहे. नवी आहेत ती मोजणारी यंत्रे. द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापक यांची जोडी प्रयोगशाळांत रुळली, तेव्हा एका लिटरमधील नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, दिसू लागला.

प्रमाण इतके अल्प असेल, तर काळजी कशाची?

आधी प्रमाणाची कल्पना घेऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत दररोज सुमारे ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. या सगळ्या पाण्यात एखादे औषध लिटरला १ नॅनोग्रॅम या प्रमाणात मिसळायचे असेल, तर साऱ्या राज्याला मिळून ९ ग्रॅम पुरतील. दुसरा हिशेब माणसाच्या बाजूने करता येतो. पाण्यात कार्बामाझेपिन लिटरला २०० नॅनोग्रॅम असेल आणि कोणी ते पाणी रोज २ लिटर प्यायले, तर २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीइतके औषध पोटात जाण्यास १,३०० हून अधिक वर्षे लागतील. त्यामुळे घरगुती सांडपाणी नीट शुद्ध केले असेल, तर त्यातील एखाद्या औषधाने प्रौढ माणसाला तत्काळ अपाय होईल, असे म्हणण्यास आधार नाही.

तरीही काळजीची कारणे उरतात. पहिले कारण असे की, मासा गोळी घेत नाही, तो त्या पाण्यातच राहतो. कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिलएस्ट्राडिओल हे संप्रेरक लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम या पातळीवर सोडण्यात आले. फॅटहेड मिनो या छोट्या माशांच्या नरांमध्ये अंड्यांशी संबंधित प्रथिन तयार होऊ लागले आणि त्या माशांची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. संप्रेरकांच्या बाबतीत ‘थोडेसेच तर आहे’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. दुसरे कारण मिश्रणाचे आहे : पाण्यात एक औषध नसते, शेकडो पदार्थ एकत्र असतात, आणि पुनर्वापरात तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरल्यास न काढलेला पदार्थ साचत जातो.

तिसरे कारण आपल्या देशाशी थेट जोडलेले आहे. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. येथे एकक नॅनोग्रॅम नाही, मिलिग्रॅम आहे, आणि ही पातळी औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पातळीपेक्षाही जास्त होती. वस्तीचे मैलापाणी आणि औषध कारखान्याचे सांडपाणी यांची चर्चा एकाच वाक्यात करू नये, ती याचसाठी.

नेहमीचे मैलाशुद्धीकरण केंद्र हे पदार्थ काढत नाही का?

काही काढते, काही मुळीच काढत नाही, आणि काहींचे केवळ रूप बदलते. सक्रिय गाळाच्या पद्धतीत हवा देऊन जिवाणू वाढवले जातात आणि ते पाण्यातील सेंद्रिय अन्न खातात. ही रचना बीओडी, म्हणजे ही सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप, उतरवण्यासाठी झालेली आहे आणि त्या कामात ती उत्तम आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि चहा-कॉफीतील कॅफिन हे पदार्थ जिवाणूंना सहज पचतात, त्यामुळे नीट चालणाऱ्या केंद्रात त्यांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा होतो.

कार्बामाझेपिनची गोष्ट उलट आहे. ते जिवाणूंना पचत नाही आणि गाळालाही फारसे चिकटत नाही, त्यामुळे ते जसे येते तसे जाते. कित्येकदा तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते आत आलेल्या पाण्यापेक्षा जास्त आढळते. नव्या अभियंत्याला ही मोजणीतील चूक वाटते, पण तशी ती नसते. आपले यकृत औषधाला साखरेसारखा एक रेणू जोडून ते शरीराबाहेर टाकते, केंद्रातील जिवाणू तो जोडलेला भाग तोडून खातात आणि मूळ औषध पुन्हा मोकळे होते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक या दोहोंच्या मधोमध बसते : त्याचा थोडा भाग जातो, बराचसा राहतो. (गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरातून बंद केलेले औषध ते हेच. मात्र गिधाडांपर्यंत ते पाण्यातून नव्हे, मेलेल्या गुरांच्या मांसातून पोहोचले होते.)

मधुमेहासाठी घेतल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. शरीरात त्याचे विघटन होत नाही, शोषलेले औषध लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. केंद्रातील जिवाणू त्याचे मोठ्या प्रमाणात रूपांतर करतात, म्हणून अहवालात ‘मेटफॉर्मिन ९० टक्के कमी’ असे दिसू शकते. प्रत्यक्षात त्यातून ग्वानिलयुरिया नावाचा दुसरा पदार्थ तयार झालेला असतो आणि तो सहजासहजी संपत नाही. अहवालातील टक्केवारी वाचताना पदार्थ संपला की त्याने नाव बदलले, हे म्हणूनच विचारावे लागते.

गाळाला चिकटणाऱ्या पदार्थांबाबत आणखी सावध राहावे लागते. सिप्रोफ्लॉक्सासिन, ट्रायक्लोसान हे साबणातील जंतुनाशक आणि सूक्ष्म प्लास्टिक यांचा मोठा भाग पाण्यातून निघून गाळात बसतो. पाण्याचा अहवाल चांगला येतो, आणि तो गाळ वाळवून खत म्हणून शेतात टाकला की पदार्थ शेतात पोहोचतो.

आमच्या केंद्रात टर्शरी प्रक्रिया आहे. तेवढी पुरेशी नाही का?

टर्शरी, म्हणजे जिवाणूंच्या टप्प्यानंतरची तिसरी पायरी; या शब्दाखाली काय काय मोडते, ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ वाळूची गाळणी, कोठे अल्ट्राफिल्ट्रेशनचे पटल आणि शेवटी क्लोरिन किंवा अतिनील किरण असा असतो. ही साखळी तरंगते कण आणि जंतू यांच्यासाठी आहे. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पटलाची छिद्रे साधारण ०.०१ मायक्रॉनची असतात, तर औषधाचा रेणू ०.००१ मायक्रॉनच्या आसपास असतो आणि तो पाण्यात विरघळलेला असतो. या पटलाने औषधे काढण्याची अपेक्षा करणे म्हणजे पिठाच्या चाळणीने मिठाचे पाणी गाळणे होय. जंतू मारण्यासाठी दिलेली अतिनील किरणांची मात्राही बहुतेक औषधांचे रेणू तोडण्यास अपुरी असते; त्यासाठी दहापट किंवा त्याहून अधिक मात्रा लागते.

सक्रिय कोळसा काय करतो, आणि तो किती काळ टिकतो?

सक्रिय कोळसा म्हणजे नारळाच्या करवंटीपासून किंवा दगडी कोळशापासून उच्च तापमानाला तयार केलेला, अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेला कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंतींचे एकत्रित क्षेत्रफळ १,००० चौरस मीटरच्या घरात जाते, आणि या भिंतींवर सेंद्रिय रेणू चिकटून बसतात. कार्बामाझेपिन आणि डायक्लोफिनॅक ही जिवाणूंना न जुमानणारी औषधे कोळशावर चांगली धरली जातात, म्हणून या कामात त्याला मोठे मोल आहे.

अडचण जागेची आहे. सांडपाण्यात औषधे नॅनोग्रॅममध्ये असतात, तर इतर विरघळलेला सेंद्रिय ऐवज मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारो पटींनी जास्त असतो, आणि तोही त्याच छिद्रांत शिरतो. आधीच्या थांब्यावरच भरून आलेल्या एसटीसारखी कोळशाची स्थिती होते : आपल्या थांब्यावरच्या प्रवाशाला चढायला वाव राहत नाही. इतकेच नव्हे, तर जास्त घट्ट चिकटणारा रेणू आल्यास आधी बसलेला हलका रेणू उठून पाण्यात परत येतो. म्हणून कोळशाची टाकी बसवली होती का, यापेक्षा त्यातील कोळसा शेवटचा कधी बदलला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. अनेक छोट्या केंद्रांत तो रंग आणि वास यांवरून बदलतात. औषधे मात्र वास येण्याच्या कितीतरी आधी निसटू लागलेली असतात.

दाणेदार कोळसा भट्टीत ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून पुन्हा वापरण्याजोगा करता येतो, आणि तेव्हा चिकटलेली औषधे जळून जातात. भुकटीच्या रूपातील कोळसा लिटरला साधारण १० ते २० मिलिग्रॅम या प्रमाणात पाण्यात मिसळला जातो आणि शेवटी गाळाबरोबर निघतो. हा गाळ मग शेतात टाकता येत नाही, तो जाळावाच लागतो.

ओझोनने हे पदार्थ नष्ट होतात, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. ओझोन कोळशाप्रमाणे पदार्थ धरून ठेवत नाही, तो रेणूच तोडतो. कार्बामाझेपिन, डायक्लोफिनॅक, सल्फामेथॉक्साझोल हे प्रतिजैविक आणि संप्रेरके यांच्यावर त्याचा झपाट्याने परिणाम होतो. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळील ड्यूबेनडॉर्फ येथील केंद्रात २०१४ पासून पूर्ण क्षमतेने ओझोन वापरला जात आहे.

मात्र तोडणे म्हणजे पूर्ण संपवणे नव्हे. नेहमीच्या मात्रेत ओझोन औषधाचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करत नाही, त्याचे लहान तुकडे करतो. यातील बरेच तुकडे जिवाणूंना पचतात, म्हणून ओझोननंतर वाळूची किंवा कोळशाची जैविक गाळणी ठेवण्याची पद्धत आहे. खर्च वाचवण्यासाठी ही गाळणी वगळणे चुकीचे होय. क्ष-किरण तपासणीत वापरली जाणारी आयोडिनयुक्त द्रव्ये ओझोनला फारशी दाद देत नाहीत आणि पीफास तर अजिबातच देत नाहीत.

किनारपट्टीच्या शहरांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. पाण्यात ब्रोमाइड असल्यास ओझोनमुळे त्याचे ब्रोमेट होते. ब्रोमेटपासून कर्करोगाचा धोका संभवतो आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड लिटरला ६५ मिलिग्रॅमहून अधिक असते. मुंबई, कोकण किंवा गोव्यात भरतीच्या वेळी गटारवाहिन्यांत खारे पाणी शिरले आणि मैलापाण्यात त्याचा अवघा एक टक्का वाटा झाला, तरी ब्रोमाइड लिटरला ०.६ मिलिग्रॅमच्या वर जाते. त्या पाण्याचा पुनर्वापर पिण्याच्या दिशेने जाणार असेल, तर ओझोनची निवड करण्यापूर्वी ब्रोमाइड मोजणे अपरिहार्य आहे.

आरओ लावले की सगळेच प्रश्न सुटत नाहीत का?

आरओ हा सर्वांत घट्ट पडदा आहे हे खरे, आणि त्यातून बहुतेक औषधे, संप्रेरके आणि पीफास पलीकडे जात नाहीत. तरीही दोन गोष्टी उरतात.

पहिली गोष्ट अगदी लहान, विद्युतभाररहित रेणूंची. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत सांडपाणी शुद्ध करून भूजलात सोडण्याचे काम १९७० च्या दशकापासून चालू आहे. आरओ असूनही तेथे २००० च्या सुमारास भूजलात सोडल्या जाणाऱ्या पाण्यात एनडीएमए हा कर्करोगकारक मानला जाणारा पदार्थ आढळला. त्याचा रेणुभार अवघा ७४ आहे, तर कार्बामाझेपिनचा २३६. इतका लहान रेणू पडद्यातून निसटतो. त्यामुळे पुढे तेथील साखळीत आरओनंतर प्रखर अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची पायरी आली. अतिनील किरण एनडीएमएचा रेणू थेट तोडतात, आणि पेरॉक्साइडपासून तयार होणारे अतिक्रियाशील हायड्रॉक्सिल कण १,४-डायॉक्सेनसारख्या इतर निसटणाऱ्या पदार्थांचा समाचार घेतात. जानेवारी २००८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता २०२३ मध्ये दिवसाला १३ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ४९ कोटी लिटर झाली.

दुसरी गोष्ट रिजेक्ट पाण्याची, आणि आपल्याकडे तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. शंभर लिटर सांडपाणी आरओत घातले, तर मोठ्या केंद्रात साधारण ७५ ते ८५ लिटर शुद्ध पाणी मिळते. उरलेल्या १५ ते २५ लिटरमध्ये अडवलेली सगळी औषधे चार ते सहा पट तीव्र होऊन बसतात, कारण आरओ काहीही नष्ट करत नाही. समुद्रकाठी हे पाणी समुद्रात जाते. विदर्भ-मराठवाड्यासारख्या समुद्रापासून दूरच्या प्रदेशात ते कोठे जाणार, याचे उत्तर प्रकल्प अहवालात नसेल, तर तो अहवाल अपूर्ण समजावा. ते पुन्हा केंद्राच्या सुरुवातीला सोडणे हे उत्तर नव्हे, कारण त्यामुळे क्षार आणि न पचणारे पदार्थ फिरून फिरून वाढत जातात.

आरओशिवाय पिण्यायोग्य पाणी करता येते का?

नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते. २००२ मध्ये उभारलेल्या तेथील नव्या केंद्राची क्षमता दिवसाला २ कोटी १० लाख लिटर आहे, आणि त्यात आरओ नाही. ओझोन, जिवाणू वाढलेला सक्रिय कोळसा, साधा सक्रिय कोळसा, अल्ट्राफिल्ट्रेशन आणि क्लोरिन अशा एकामागून एक पायऱ्या आहेत, जेणेकरून एका पायरीतून निसटलेला पदार्थ पुढच्या पायरीत अडावा.

या यशामागील एक साधी गोष्ट यंत्रांइतकीच महत्त्वाची आहे : विंडहोकमध्ये कारखान्यांचे सांडपाणी वेगळे ठेवले जाते आणि पिण्यासाठी वापरायच्या मैलापाण्यात ते मिसळू दिले जात नाही. आपल्या शहरांत, जेथे लहानमोठे कारखाने रात्री गटारात काय सोडतात याचा पत्ता नसतो, तेथे विंडहोकची यंत्रे आणून विंडहोकचे पाणी मिळणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पीफास इतकी चिवट का असतात?

कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातील बंध फार मजबूत असतो, म्हणून जिवाणू, क्लोरिन आणि ओझोन यांपैकी कोणीही तो तोडत नाही. सक्रिय कोळसा, आयन-विनिमय राळ आणि आरओ हे पीफास पाण्यातून वेगळे काढतात, पण लहान साखळीचे पीफास कोळशातून लवकर निसटतात. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफास रसायनांची मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी ठरवली.

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू क्लोरिनने मरत नाहीत का?

मरतात. मात्र मेलेल्या जिवाणूची जनुके पाण्यात शिल्लक राहू शकतात आणि दुसरा जिवाणू ती उचलू शकतो. नीट चालणारे अल्ट्राफिल्ट्रेशन जिवाणूंना अख्खेच अडवत असल्यामुळे या एका बाबतीत ते उपयोगी पडते, औषधांच्या बाबतीत पडत नसले तरी.

प्रत्येक पुनर्वापरासाठी इतकी कडक प्रक्रिया करावी लागते का?

मुळीच नाही, आणि या प्रश्नाच्या उत्तरावर लाखो रुपयांचा खर्च अवलंबून असतो. कोराडीला जाणारे दिवसाला १३ कोटी लिटर पाणी प्रामुख्याने शीतकरणासाठी आहे. तेथे डोकेदुखी असते ती अमोनिया, फॉस्फेट, कठीणपणा आणि पाइपांत साचणारे शेवाळ यांची. कार्बामाझेपिनमुळे शीतकरण मनोऱ्याचे काही बिघडत नाही. सुरतमधील बमरोली येथून पांडेसराच्या कापड उद्योगाला आणि चेन्नईतील कोडुंगैयूर व कोयंबेडू येथील प्रत्येकी साडेचार कोटी लिटरच्या केंद्रांतून औद्योगिक पट्ट्यांना पाणी जाते. चेन्नईत आरओ आहे, पण उद्योगाला क्षार नको असतात, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. गृहसंकुलातील फ्लशसाठीही औषधे काढण्याची गरज नाही. ते पाणी पुन्हा त्याच एसटीपीत जाते. तेथे जंतू, वास आणि पिण्याच्या नळाशी होणारी चुकीची जोडणी हेच खरे धोके आहेत.

शेतीसाठी वापर असेल, तर विचार बदलतो. इस्रायल आपल्या सांडपाण्यातील फार मोठा हिस्सा शेतीला देतो, आणि तेथेच २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३४ निरोगी व्यक्तींना पुनर्वापराच्या पाण्यावर आणि गोड्या पाण्यावर वाढवलेला भाजीपाला खाण्यास दिला गेला. पुनर्वापराच्या पाण्यावरील भाजी खाल्ल्यावर त्यांच्या लघवीतील कार्बामाझेपिन वाढले. ते रुग्णाच्या लघवीतील प्रमाणापेक्षा फारच कमी होते, पण औषध गटारातून पानात आणि पानातून माणसात पोहोचते, हे त्यातून सिद्ध झाले. पाण्याबरोबर वर चढलेला पदार्थ पानांतून बाष्प उडाल्यावर तेथेच राहतो, म्हणून पालक-कोथिंबिरीसारख्या पालेभाज्यांत तो फळभाज्यांपेक्षा जास्त साचतो. अशा पाण्यावर कापूस, बांबू किंवा फळझाडे घेण्यास हरकत नाही. पालेभाज्यांचा मळा मात्र टाळणे बरे.

भूजलात मुरवण्याचा विचार सर्वांत कठोरपणे व्हायला हवा. बेंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील शुद्ध केलेले मैलापाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते, आणि योजनेची क्षमता दिवसाला ४४ कोटी लिटर आहे. कोरड्या पडलेल्या विहिरींना त्यामुळे पाणी आले, हे नाकारता येत नाही. परंतु हे पाणी द्वितीयक प्रक्रियेपर्यंतच, म्हणजे जिवाणूंच्या टप्प्यापर्यंतच, शुद्ध केलेले असते, आणि ज्या विहिरींना ते झिरपून मिळते त्यांचे पाणी कोणी पिणारच नाही, असे गृहीत धरता येत नाही.

याबाबत आपल्याकडे कायदा काय सांगतो?

मैलाशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी सामू, बीओडी, तरंगते घन पदार्थ आणि विष्ठाजन्य जिवाणू अशा मर्यादा आहेत. औषधांसाठी नाहीत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता, पण २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा वगळण्यात आल्या. पाटनचेरूचे आकडे जगभर चर्चिले गेले असताना आपणच ही तरतूद गाळावी, याचे वैषम्य वाटते. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यामुळे आता आधारभूत आकडे नसल्याची सबब पुढे करता येणार नाही.

स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक सुमारे १०० केंद्रांना सूक्ष्म प्रदूषके ८० टक्के कमी करणे बंधनकारक केले आणि त्यासाठी दर माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत अधिभार लावला. युरोपीय संघाचा नवा निर्देश १ जानेवारी २०२५ पासून अमलात आहे. दीड लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येइतका भार घेणाऱ्या केंद्रांना २०४५ पर्यंत सूक्ष्म प्रदूषके काढणारी ही चौथी पायरी जोडायची असून तिचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांनी उचलावा, अशी त्यात तरतूद आहे.

शेकडो पदार्थ मोजणे परवडत नाही. मग केंद्र नीट काम करते हे कसे कळणार?

सगळे मोजण्याची गरज नसते. स्वित्झर्लंडमध्ये १२ पदार्थांची यादी ठरवलेली आहे आणि त्यांत कार्बामाझेपिन व डायक्लोफिनॅक दोन्ही आहेत. जिवाणूंना न पचणारे, सगळ्या शहरांच्या सांडपाण्यात हमखास सापडणारे आणि मोजायला सोपे असे पदार्थ निवडायचे व त्यांची घट पाहायची, ही त्यामागची कल्पना आहे. रोजच्या नियंत्रणासाठी २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचे शोषण प्रक्रियेपूर्वी आणि नंतर मोजतात. हे उपकरण पाइपावरच बसवता येते, आणि ओझोनची मात्रा कमी पडली किंवा कोळसा थकला की शोषणातील घट लगेच कमी झालेली दिसते.

टीडीएस मीटरने औषधे कळतात का? आणि घरचा आरओ ती काढतो का?

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो. नॅनोग्रॅममधील औषधाने त्यावरील आकडा हलत नाही, त्यामुळे विक्रेता हे यंत्र पाण्यात बुडवून ‘पाणी शुद्ध’ असे दाखवतो, तेव्हा त्याचा अर्थ क्षार कमी आहेत, एवढाच घ्यावा. घरगुती आरओ पडदा चांगल्या स्थितीत असल्यास बहुतेक औषधे अडवतो आणि रिजेक्टच्या नळीतून ती मोरीत सोडतो.

घरातील मुदत संपलेल्या गोळ्यांचे काय करावे?

त्या संडासात किंवा मोरीत टाकू नयेत. पोटातून गेलेल्या गोळीचा काही भाग तरी शरीरात खर्च होतो, फ्लश केलेली गोळी पूर्णच्या पूर्ण सांडपाण्यात उतरते. महापालिकेच्या घरगुती घातक कचऱ्याच्या संकलनात त्या वेगळ्या पाकिटात द्याव्यात.

पुनर्वापराचा प्रकल्प पाहायला गेल्यास काय विचारावे?

शुद्ध पाण्याचा ग्लास दाखवला जातो, तो पाहावा, पण त्यावर थांबू नये. पाणी नेमके कशासाठी वापरले जाणार आहे, हे प्रथम विचारावे, कारण फ्लश आणि विहीर यांना एक माप लागत नाही. कोळसा असेल तर तो शेवटचा कोणत्या तारखेला बदलला आणि काढलेला कोळसा कोठे गेला, ओझोन असेल तर त्यापुढे जैविक गाळणी आहे का, आणि ब्रोमाइड कधी मोजले, हे विचारावे. कारखान्यांच्या किती जोडण्या या मैलावाहिनीवर आहेत, त्याची यादी मागावी. गाळ कोणत्या शेतकऱ्याला किंवा कोणत्या भट्टीला जातो, याची नोंदवही असते, ती पाहावी. आरओ असेल, तर रिजेक्ट पाण्याचा पाइप शोधावा आणि तो जेथे संपतो तेथपर्यंत चालत जावे.